वकिलाची फी नेमकी कशावर मोजतात?

फ्रिज घ्यायचा असला की आपण चार दुकानांत भाव काढतो. घराला रंग द्यायचा तर दोन-तीन रंगाऱ्यांना चौरस फुटाचा दर विचारतो. वकील करायची वेळ आली की मात्र सगळी चौकशी एका वाक्यात संपते, "साहेब, खर्च साधारण किती येईल?" आणि समोरून उत्तर येतं, "आधी कागदपत्रं तर आणा, मग बघू."

बरेच लोक याला लबाडी समजतात. ती बहुतेक वेळा नसते. दावा किती वर्षं चालेल, समोरची बाजू किती ताणेल, साक्षीदार वेळेवर येतील का, यातलं काहीच त्या वकिलालाही पहिल्या दिवशी माहीत नसतं. म्हणजे तुम्ही जी वस्तू विकत घेताय तिचा आकारच ठरलेला नाही, आणि तरी किंमत आज ठरवायची आहे.

माझी पीएचडी संख्याशास्त्रात आहे. कायद्याशी माझा संबंध वाचनापुरता. पण 'अनिश्चिततेची किंमत कोणी मोजायची' हा प्रश्न आमच्या विषयाच्या अगदी घरातला आहे, आणि वकिलाची फी हे त्याचं रोजच्या जगण्यातलं फार चांगलं उदाहरण आहे. म्हणून आज पेपर थोडे अर्थशास्त्रातले आणि कायदा आपल्याकडचा. लेखात मी मुख्यतः दिवाणी दाव्यांबद्दल बोलणार आहे, म्हणजे जमीन, वाटप, पैशाची वसुली, भाडेकरू वगैरे.

दरपत्रक का नसतं?

पहिलं कारण सरळ आहे. भारतात वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ खाली बार कौन्सिल ऑफ इंडियाने वकिलांच्या वागणुकीचे नियम केले आहेत, त्यात हे येतं. वेबसाइटवर नाव, पत्ता, शिक्षण, कोणत्या प्रकारची कामं करतो, एवढी जुजबी माहिती देता येते. 'घटस्फोट परस्पर संमतीने, अमुक रुपये' असा बोर्ड लावता येत नाही.

अमेरिकेतही पूर्वी असंच होतं. अ‍ॅरिझोनातल्या दोन तरुण वकिलांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली: बिनविरोध घटस्फोट, १७५ डॉलर, वर कोर्टाची फी २० डॉलर. बार असोसिएशनने कारवाई केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७७ मध्ये 'बेट्स' खटल्यात वकिलांच्या बाजूने निकाल लागला. आपल्याकडे बंदीच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा असा की वकिली हा धंदा नाही, व्यवसायाची प्रतिष्ठा आहे. असेल. पण त्याची किंमत अशिलाला मोजावी लागते हेही खरं. भाव कळायचा तर प्रत्येक वकिलाच्या ऑफिसात जाऊन बसावं लागतं, आणि तिसऱ्या ऑफिसपर्यंत जायचं त्राण कोणात उरतं?

नियमांमध्ये फीबद्दल एक वाक्य आहे खरं. वकिलाने काम स्वीकारताना घ्यायची फी ही त्याच्या वकिलीतल्या स्थानाशी आणि प्रकरणाच्या स्वरूपाशी सुसंगत असावी, असं ते सांगतं. आकडा कुठेच नाही.

आंबा, हापूस आणि सेंद्रिय हापूस

दुसरं कारण जास्त खोल आहे. अर्थशास्त्रज्ञ वस्तूंचे तीन प्रकार करतात. आंब्याचंच उदाहरण घेऊ. आंब्याचा रंग आणि आकार विकत घेण्याआधीच दिसतो. चव घरी नेऊन कापल्यावर कळते. पण तो 'सेंद्रिय' होता का, हे खाऊन झाल्यावरही कळत नाही. विकणाऱ्यावर विश्वास ठेवायचा, बस.

या तिसऱ्या प्रकाराला १९७३ मध्ये मायकेल डार्बी आणि एडी कार्नी यांनी 'क्रेडन्स गुड्स' असं नाव दिलं. मराठीत आपण 'भरवशाचा माल' म्हणू. डॉक्टर, गॅरेजवाला आणि वकील हे तिघं या मालाचे ठराविक विक्रेते. काय बिघडलंय हे तेच सांगतात, दुरुस्त तेच करतात आणि बिलही तेच देतात. दावा हरलात, तर वकील कमी पडला की केसच कमकुवत होती? जिंकलात, तर एवढी कागदपत्रं, एवढ्या तारखा खरंच लागणार होत्या का? निकाल हातात आल्यावरही याचं उत्तर तुमच्याकडे नसतं.

मग ग्राहकाचं रक्षण कशाने होतं? ऊवे डुलेक, रुडॉल्फ केर्शबामर आणि माथियास सुटर यांनी २०११ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये ९३६ लोकांवर केलेला एक प्रयोग छापला. प्रयोगशाळेत काहींना विक्रेते केलं, काहींना ग्राहक, आणि नियम आलटून पालटून बघितले. विक्रेत्यांमध्ये स्पर्धा लावली तर? भाव खाली आले, व्यवहार वाढले, पण सेवा सुधारली नाही. विक्रेत्याला नाव कमवायची संधी दिली तर? फारसा फरक नाही. काम पुरेसं नसेल तर विक्रेता जबाबदार, हा नियम लावला, तेव्हा मात्र चित्र बदललं.

म्हणजे तीन वकिलांकडे जाऊन सगळ्यात स्वस्त निवडला, तर पैसे वाचतील, पण काम चांगलं होईलच असं नाही. आणि जबाबदारीचं म्हणाल तर आपल्याकडे ती बाजू लंगडी आहे. १४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'बार ऑफ इंडियन लॉयर्स विरुद्ध डी. के. गांधी' या प्रकरणात ठरवलं की वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक न्यायालयात जाता येणार नाही. डॉक्टरांवर ते दार उघडं आहे, वकिलांवर नाही. गैरवर्तनाची तक्रार राज्याच्या बार कौन्सिलकडे करता येते (आपल्यासाठी बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा), नुकसानीसाठी दिवाणी दावा लावता येतो. वकिलाविरुद्ध दावा लावायला परत वकील शोधायचा, ही त्यातली गंमत.

त्यामुळे आपल्या हातात जे उरतं ते म्हणजे फीचा आकडा नव्हे, फीची रचना. ती नीट समजून घेतली पाहिजे.

तारखेवर की एकरकमी?

तालुका आणि जिल्हा कोर्टात साधारण तीन पद्धती दिसतात. पहिली एकरकमी: संपूर्ण दाव्याचे अमुक इतके. दुसरी तारखेवर: प्रत्येक हजेरीचे अमुक. तिसरी टप्प्याटप्प्याने: दावा दाखल करताना इतके, मनाई अर्जाच्या वेळी इतके, पुरावा सुरू झाला की इतके, युक्तिवादाला इतके.

एक हिशेब करून बघू. आकडे मी सोपे धरलेत. समजा एक वकील एकरकमी ४०,००० मागतो, दुसरा तारखेला २,००० मागतो. वीस तारखांना दोन्ही सारखे. प्रश्न एवढाच की तुमच्या दाव्याला किती तारखा लागतील?

तुमच्यासारखेच दहा दावे घ्या, आणि समजा त्यांना लागलेल्या तारखा अशा: ८, १०, १२, १२, १५, १५, २०, ३०, ४८, ९०. मधला आकडा म्हणजे मध्यक १५. 'साधारण पंधरा तारखांत होतं बघा' असं अनुभवी माणूस सांगतो तेव्हा तो हाच आकडा सांगत असतो, आणि तो खोटं बोलत नसतो. पण सरासरी काढा: एकूण २६० तारखा, भागिले दहा, २६. शेवटच्या दोन दाव्यांनी सरासरी ओढून वर नेली. संख्याशास्त्रात याला उजवीकडे शेपूट असलेलं वितरण म्हणतात, आणि कोर्टाच्या तारखा, दवाखान्यातले दिवस, बांधकामाला होणारा उशीर ही सगळी त्याच कुळातली मंडळी.

आता तारखेवर पैसे देणाऱ्याचं काय होतं ते बघा. दहापैकी सहा जण एकरकमीपेक्षा स्वस्तात सुटतात. एकाचं बरोबरीत सुटतं. तिघांना जास्त पडतं, आणि त्यातल्या शेवटच्याला १,८०,०००. म्हणजे तारखेवरची फी 'बहुतेकांना' स्वस्त आहे आणि 'सरासरीने' महाग आहे (५२,०००). दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. गावात चौकशी केलीत तर सहा समाधानी माणसं भेटतील. ज्याने जमीन विकून वकिलाचे पैसे दिले तो सहसा चौकशीत सापडत नाही.

एकरकमी घेतली की ती शेपूट वकिलाच्या गळ्यात जाते. मग तो काय करेल? एक, जोखीम धरून आकडा थोडा वाढवून सांगेल. दोन, पैसे आधीच हातात पडले असतील तर चाळिसाव्या तारखेला तुमच्या कामासाठी त्याच्याकडे उत्साह कुठून येणार? ज्युनिअरला पाठवेल. उलट तारखेवर पैसे घेणाऱ्याला दावा लवकर संपवण्याची आर्थिक घाई नसते. यात चांगला-वाईट माणूस असा प्रश्न नाही. फी ज्या गोष्टीवर मोजली, ती गोष्ट वाढते, एवढंच.

इथे वकिलांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी. तारखा पडतात त्या मुख्यतः वकिलाच्या मर्जीने, हा आपला लाडका समज आहे. समन्सची बजावणी झाली नाही, न्यायाधीशांची बदली झाली, बोर्डावर शंभर केसेस होत्या, समोरच्याने मुदत मागितली, अशा कारणांवर तुमच्या वकिलाचं काहीच चालत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत सुनावणी सुरू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तहकुबी देऊ नये असं लिहिलेलं आहे. कोर्टात एक दिवस बसून बघा, मग त्या नियमाबद्दल बोलू.

म्हणून माझं मत टप्प्यांच्या बाजूने पडतं. त्यात जोखीम दोघांत वाटली जाते. एखादा टप्पा लांबला तर तोटा वकिलाचा, नवा टप्पा निघाला तर खर्च तुमचा. शिवाय वकिलाला पुढचे पैसे पुढच्या टप्प्याला पोहोचल्यावरच मिळणार असतात. फक्त टप्पे कुठे संपतात ते आधी ठरवा. सगळ्यात जास्त भांडणं एका ठिकाणी होतात: निकालानंतर. आपल्या डोक्यात 'केस जिंकली' म्हणजे संपलं. कोर्टाच्या भाषेत हुकूमनामा हातात आला, आता अंमलबजावणीसाठी दरखास्त करायची. शेतजमिनीच्या वाटपात तर कलम ५४ प्रमाणे प्रत्यक्ष वाटणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते, म्हणजे दिवाणी कोर्टातून कागद महसूल खात्यात जातात आणि तिथे नवी फेरी सुरू होते. एकरकमीत दरखास्त धरली आहे का? समोरच्याने अपील केलं तर? हे दोन प्रश्न पहिल्या भेटीत विचारले तर वकीलसाहेब रागावत नाहीत, उलट हा अशील जरा वाचून आलाय हे त्यांच्या लक्षात येतं.

"जिंकलो तरच द्या"

चौथी पद्धत अमेरिकन सिनेमांत दिसते: जिंकलो तर मिळालेल्या रकमेचा तिसरा हिस्सा वकिलाचा, हरलो तर काही नाही. गणिताच्या नजरेने ही पद्धत मोहक आहे. हातात पैसे नसलेल्या माणसाला वकील मिळतो, आणि कमकुवत केस वकील स्वतःच नाकारतो कारण बुडालं तर त्याचं बुडणार. तोटेही आहेत: लवकर तडजोड करून हिस्सा खिशात घालण्याचा मोह, आणि अशिलाच्या नुकसानीत भागीदार झालेला वकील.

भारतात ही पद्धत नियमबाह्य आहे. बार कौन्सिलच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की निकालावर अवलंबून फी ठरवू नये आणि मिळणाऱ्या रकमेत वाटा मागू नये. नियम होण्याआधीपासूनच न्यायालयांची हीच भूमिका होती. १९५४ मध्ये 'मिस्टर जी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात मुंबईच्या एका वकिलाने वसुलीच्या निम्म्या हिश्श्याचा करार केला होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला निलंबित केलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयानेही याला व्यावसायिक गैरवर्तन म्हटलं.

अलीकडचं उदाहरण जास्त बोलकं आहे. नवरा अपघातात गेलेल्या एका बाईने भरपाईचा दावा लावला होता. भरपाई मिळाल्यावर वकिलाने रकमेच्या टक्केवारीने फी मागितली. दहा लाख दिल्यावर आणखी तीन लाखांचा चेक सही करून घेतला, तो वटला नाही आणि तिच्यावरच चेक बाउन्सची फौजदारी केस झाली. २०१७ मध्ये 'बी. सुनीता विरुद्ध तेलंगणा राज्य' या प्रकरणात न्या. आदर्श कुमार गोयल आणि न्या. उदय लळीत यांच्या खंडपीठाने ती केस रद्द केली. मिळालेल्या रकमेच्या टक्क्यांवर फी मागणं बेकायदेशीर आहे असं म्हटलं, आणि वकिलांच्या फीवर नियंत्रण आणायचा विचार व्हावा असंही सुचवलं.

अपघात भरपाई आणि भूसंपादनाच्या कामात 'टक्केवारीवर करू' अशी बोलणी कानावर आली, तर ती कोणत्या पायावर उभी आहेत हे आता तुम्हाला माहीत आहे.

बिलात न दिसणारा खर्च

वकिलाच्या फीशिवाय जे जातं त्याची यादी अशिलाला एकदम कधीच मिळत नाही, सुटी सुटी मिळते. कोर्ट फी स्टॅम्प, वकीलपत्रावरचे स्टॅम्प, टायपिंग, झेरॉक्स, नोटरी, समन्सचा खर्च, नकला, जमिनीचं प्रकरण असेल तर मोजणी फी. यातली मोठी रक्कम कोर्ट फीची. पैशाच्या दाव्यात ती दाव्याच्या किमतीनुसार चढत जाते. महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा पूर्वी ३ लाख होती, २०१८ पासून १० लाख झाली. ही फी सरकारची, वकिलाची नव्हे, हे अनेकांना ठाऊक नसतं आणि सगळा राग वकिलावर निघतो.

एक दिलासा: तुम्ही घरगुती कामासाठी, व्यक्ती म्हणून वकील करत असाल तर वकिलाच्या फीवर जीएसटी लागत नाही. बिलात दिसला तर विचारा.

पण सगळ्यात दुर्लक्षित खर्च वेगळाच आहे. बंगळुरूच्या 'दक्ष' या संस्थेने २०१६ मध्ये खालच्या कोर्टांत आलेल्या नऊ हजारांहून जास्त पक्षकारांशी बोलून एक पाहणी केली. दिवाणी पक्षकाराचा एका तारखेच्या दिवशी सरासरी खर्च ४९७ रुपये निघाला, आणि त्या दिवशी बुडालेली कमाई ८४४ रुपये. बेरीज १,३४१. आपल्या वरच्या उदाहरणातल्या सव्वीस तारखांनी गुणा: ३४,८६६ रुपये. म्हणजे ४० हजारांची फी ठरवताना आपण तासभर घासाघीस केली, आणि जवळपास तेवढेच पैसे एसटी, चहा-जेवण आणि बुडालेल्या रोजात गेले. आणि हे आकडे २०१६ चे आहेत. म्हणून वकिलाला विचारायचा फार उपयोगी प्रश्न म्हणजे, "कोणत्या तारखांना मी स्वतः यायलाच हवं?" साक्षीच्या, उलटतपासाच्या दिवशी जावंच लागतं. दिवाणी दाव्यात इतर बऱ्याच तारखा वकिलाच्या हजेरीवर निभावतात.

'हरला तर समोरचा आपला सगळा खर्च देईल' या आशेवर हिशेब मांडू नका. कलम ३५ खाली कोर्टाला खर्च देववण्याचा अधिकार आहे, पण साध्या दाव्यात मिळणारी रक्कम प्रत्यक्ष खर्चाच्या जवळपासही नसते. खोट्या, त्रासदायक दाव्यासाठीच्या भरपाईची मर्यादा तर कलम ३५अ मध्ये अजून ३,००० रुपये आहे. व्यापारी वादांसाठी २०१५ च्या कायद्याने हे बदललं आणि हरणाऱ्याने खर्च द्यावा हा सर्वसाधारण नियम केला. भाऊबंदकीला तो लागू नाही.

उच्च न्यायालयात गेलात तर आणखी एक गोष्ट कळेल. 'सिनिअर अ‍ॅडव्होकेट' असा दर्जा मिळालेले वकील अशिलाकडून थेट काम घेत नाहीत, वकीलपत्रही दाखल करत नाहीत. त्यांच्यासोबत दुसरा वकील लागतोच. म्हणजे फी दोघांची, शिवाय सिनिअरच्या कॉन्फरन्सची वेगळी. गल्लीतल्या वाटपाच्या दाव्यात याची गरज पडत नाही, पण 'मोठा वकील लावू' म्हणणाऱ्या काकांना हे सांगून ठेवा.

कागदावर काय हवं

फीचा लेखी करार करायची आपल्याकडे पद्धत नाही. तरी एक साधा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पुरतो: "आज बोलल्याप्रमाणे फी इतकी, त्यात अमुक टप्पे, खर्च वेगळा." समोरून 'ओके' आलं की झालं. पैसे शक्यतो ऑनलाइन द्या. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिलाने अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवायचा असतो, आलेली रक्कम फीपोटी की खर्चापोटी हे त्यात नोंदवायचं असतं, आणि अशिलाने मागितल्यास त्या हिशेबाची नक्कल द्यायची असते. ही मागणी उद्धटपणा नाही, नियमातली आहे.

आणि पटलं नाही तर वकील बदलता येतो. नवा वकील आधीच्याची ना हरकत मागतो. ती मिळाली नाही तर कोर्टाकडे अर्ज करून परवानगी घेता येते. फी बाकी आहे म्हणून जुन्या वकिलाला तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. 'आर. डी. सक्सेना' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच हे स्पष्ट केलंय. बाकीसाठी त्याने वेगळा दावा लावावा, सातबारा आणि खरेदीखत परत द्यावं.

फी शून्य असते तेव्हा

माझ्या मावशीला तिच्या भावांनी हक्कसोडपत्रावर सही करायला सांगितलं होतं. आजोबांच्या शेतात तिचा हिस्सा आहे हे तिला माहीत होतं. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला, आणि २०२० मध्ये विनीता शर्मा निकालाने उरलेल्या शंका मिटवल्या. तिचा मुद्दा वेगळा होता: "हिस्सा आहे गं, पण वकिलाला देऊ काय?" लाखांची जमीन चाळीस-पन्नास हजारांच्या भीतीने सोडायची, हा सौदा ती एकटी करत नाही. गावोगावी होतो.

या प्रश्नाचं उत्तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. कोणतीही स्त्री मोफत वकिलाला पात्र आहे. उत्पन्नाची अट नाही. मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती, आपत्तीग्रस्त, यांनाही उत्पन्न न बघता हा हक्क आहे. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा लागते. महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे, आणि तिच्यासाठी साधारणपणे तुमचं शपथपत्र पुरतं. केसमध्ये सकृतदर्शनी तथ्य आहे का, एवढं प्राधिकरण बघतं. वकिलाबरोबर कोर्ट फी आणि समन्सचा खर्चही या मदतीत येऊ शकतो.

हे 'गरिबांसाठीचं' काहीतरी आहे अशी समजूत असल्याने मध्यमवर्गातल्या बायका तिकडे फिरकतच नाहीत. शाळेत शिक्षिका असलेली, स्वतःच्या नावावर फ्लॅट असलेली बाईसुद्धा या कलमात बसते.

मोफत वकिलाचा दर्जा काय, हा प्रश्न रास्त आहे. पॅनेलवरच्या वकिलाला प्राधिकरणाकडून मिळणारं मानधन खासगी फीच्या मानाने कमी असतं, आणि वर म्हटल्याप्रमाणे फी जशी तसं काम, हा धोका इथेही आहेच. काही जण अतिशय मनापासून लढतात, काही तारीख साजरी करतात. म्हणून नेमणूक झाल्यावर वकिलांना भेटून पुढच्या तीन तारखांना काय काय होणार ते विचारा, टिपून ठेवा. त्यांनी वेगळे पैसे मागितले तर ते नियमाविरुद्ध आहे आणि प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करता येते. वकील बदलून मागता येतो.

दावा लोकअदालतीत मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, त्यामुळे तडजोडीचा मजकूर सहीपूर्वी शब्दन् शब्द वाचा, घाई करणारे तिथे पुष्कळ असतात.

अर्ज तालुका कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. साध्या कागदावर, मराठीत चालतो. सोबत ओळखपत्र आणि प्रकरणाचे असतील ते कागद. फोनवर विचारायचं असेल तर राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १५१००.